साम्यावरून

न्हाई, ती शाल राहू द्या पिशवीतच, शेषेराव. घडी मोडू नका, उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालता येईल. मी स्टेजवर बसणार न्हाई म्हणले ना, म्हणजे न्हाई. बसा तुम्ही — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हालतो — इकडं ड्रमजवळ बसा. ड्रमला कुलूप बघून हसून राहिले का? लातुरात काढा एक मे महिना, तुम्ही पण लावाल. रेल्वेनं पाणी आणून राहिलेत आम्हाला, ऐकलं असंल. औशाकडं तुमचं बोअर अजून चालू हाय म्हणे — चालू असायचंच, बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या वडिलांची विहीर पण चालू होती. हे घ्या, पाणी घ्या. कालच टँकर आला, गाळून घेतलंय दोनदा. घ्या, मग बोलू. तर पत्रिका वाचली मी. 'भूमिकन्या, जागतिक कीर्तीच्या प्रथिनशास्त्रज्ञ डॉ. सिंधुताई' — आता ताई झाले मी. गावात होते तोवर लिंबाजीची बहीण होते, त्याच्या आधी पारूबाईची पोर होते, आन् आता एकदम भूमिकन्या. कुणाच्या भूमीची हो? आमच्या नावावर एक एकर हाय, ती पण खडकाळ. — बरं, जाऊ द्या. माईकवरून सांगा की बाई आजारी हाय. बीपी वाढलंय म्हणा. खोटं न्हाई, पत्रिका वाचून वाढलंच. तिकडं काय बघता? ती साडी होय — शेजारणीची हाय. इस्त्रीवाल्यानं आमच्याकडं टाकली चुकून. माझी कशाला असंल एवढी काठाची.

कारण विचारता? कारण तुमच्याच पिशवीवर हाय. ही बघा, मी पण एक आणून ठेवलीय. वाचा. चष्मा न्हाई आणला? मग मी वाचते. 'जलवीर तूर. आभाळाची वाट बघू नका.' हे कुणी लिहिलं, पुण्याच्या जाहिरातवाल्यानं का तुम्ही? खाली — 'दुष्काळ-सहनशील प्रथिनानं समृद्ध.' त्याच्या खाली — 'डॉ. सिंधुताई यांच्या जागतिक संशोधनावर आधारित.' आन् कोपऱ्यात माझा फोटो, निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार. हार घातलेला फोटो बियाण्याच्या पिशवीवर छापताना तुमच्या कंपनीतल्या एकाला तरी वाटलं न्हाई का, की लोक बाई मेली समजतील? मी तुम्हाला लिहून कळवलं होतं, माझं नाव काढा. तुमच्या ऑफिसातून उत्तर आलं — आपल्या नावाचा आम्हाला अभिमान आहे. काय करायचं सांगा असल्या माणसांचं. शिवी दिली तर ती पण छापतील मागच्या बाजूला. आन् हा काळ्या ठिपक्यांचा चौकोन यंदा नवीन टाकला ना तुम्ही? त्यावर मोबाईल धरला की इंग्लंडचं पान उघडतं. पत्रिकेत तेवढं ठळक अक्षरात हाय — 'मोठ्या पडद्यावर थेट इंग्लंडहून खात्री.' इंग्लंडहून खात्री. तूर आपली, वावर आपलं, आन् खात्री तिकडची.

तुम्हाला वाटतं, मी ही तूर शोधून काढली. हो ना? न्हाई, मोकळेपणानं सांगा, सगळ्यांनाच वाटतं, लिंबाजीला पण वाटत होतं. मी आयुष्यात एक रोप लावलंय, तो कुंडीतला कढीपत्ता, आन् तो पण कधी मरंल सांगता येत न्हाई. माझं काम कोशाचं. शब्दांचा कोश असतो तसा प्रथिनांचा कोश. डाळीत प्रोटीन असतं एवढं टीव्हीवरची बाई पण सांगती, पण ते काही एकच नसतं, शेषेराव — तुरीच्या एका झाडात हजारो तऱ्हेची असतात, प्रत्येकाचं काम निराळं, एक मुळाकडून पाणी आत घेतं, एक किडीचं पोट बिघडवतं, एक नुसतं भिंत धरून उभं राहतं. आन् प्रत्येक म्हणजे वीस अक्षरांतून ओवलेली एक लांब माळ. जगात कुठं कुणी अशी माळ वाचली की ती छापून यायची. आम्ही ती उतरवून घ्यायची, संगणकात भरायची, आन् तिच्यापुढं लिहायचं — ही कुणाची, हिचं काम काय, आन् ते काम कशावरून ठरवलं. एवढीच माझी सगळी नोकरी. कशावरून ठरवलं. पुण्याला सुरुवात केली तेव्हा शास्त्राची मासिकं पोस्टानं यायची. एकीनं अक्षरं मोठ्यानं वाचायची, दुसरीनं ती कीबोर्डवर बडवायची, आन् मग ताडून बघायचं ते उलटं, शेवटाकडून पहिल्याकडं. का म्हणाल तर सुलटं वाचताना डोळा अंदाजानं पळतो. पुढं काय येणार ते त्याला आधीच वाटतं, आन् जे वाटतं तेच दिसतं. उलट्या वाचनात अंदाज चालत न्हाई, एकेक अक्षर बघावंच लागतं. दिवसभर चालायचं ते. बाहेरून जाणारे म्हणायचे, ह्या बाया आत जप करून राहिल्या का काय. करा हिसाब, शिकलेल्या बाईनं तरुणपण कशात घालवलं त्याचा. आन् मला त्यातच मजा यायची, हे आणखी वेगळं.

पुढं इंग्लंडवाल्यांनी घेतलं मला. तिथं सगळ्या जगाचा कोश हाय, मोठ्ठा. पण मोठ्या कोशाची पण गोम तीच. जगातल्या प्रत्येक माळेवर प्रयोग करायला माणसं न्हाईत, जन्म पुरत न्हाईत. म्हणून रीत अशी — एकीवर प्रयोग झाला असंल आन् दुसरी अक्षरानं तिच्यासारखी दिसली, तर पहिलीचं काम दुसरीच्या नावावर लिहायचं. पण लगोलग त्याच्या पुढं लिहायचं: साम्यावरून. म्हणजे आम्ही बघितलं न्हाई बाबा, तोंडावळ्यावरून सांगून राहिलो. तो एक शब्द म्हणजे आमच्या धंद्याची सगळी इमानदारी. तो गाळला की शास्त्रात आन् चावडीवरच्या गप्पांत काही फरक उरत न्हाई. आन् काहीच माहीत नसंल तर लिहायचं — कार्य अज्ञात. हे दोन शब्द लिहायला लई दम लागतो, शेषेराव. खुळ्यालाबी उत्तर देता येतं, मला माहीत न्हाई म्हणायला माणूस शिकलेला लागतो. — पाणी घ्या की. उन्हातून आलात.

तिथं बरं चाललं होतं, मग परत कशाला आले? कुणी बोलावलं म्हणून न्हाई आले. मीच म्हणले, जगाच्या कोशात गहू हाय, भात हाय, मका तर ढिगानं हाय, आन् आपल्या कोरडवाहूला कुणी कुत्रं विचारत न्हाई — तूर, ज्वारी, करडई, अंबाडी. आपणच करावा कोश. नांदेडला एका संस्थेनं खोली दिली, संडासाच्या शेजारची. मशीन तापायचं, म्हणून कूलर, आन् कूलरला पाणी न्हाई. मी बाटल्या भरून घरून न्यायची रिक्षातून. मी तहानलेली आन् मशीन गार. सिद्धलिंग तिथंच भेटला मला. तुमच्या कंपनीचा आजचा मोठा साहेब तेव्हा निलंग्याकडून आलेला एक किडमिडीत पोरगा होता, अर्धं कानडीत बोलायचा, आन् हुशार असा की मी सांगायच्या आत हातून झालेलं असायचं. त्याला मी उलटं वाचायला शिकवलं. दुपारी माझ्याच डब्यात जेवायचा. माझ्या डब्यात, शेषेराव, भाकरी मोडून, माझ्या हातची भाजी. त्याचं तेवढं मी कधी विसरले न्हाई, आन् तेच तर जास्त बोचतं. तर कोश जरा उभा राहिला, आन् अनुदान देणारी समिती आली. गाडीतला एसी अंगात मुरलेली माणसं. मशीनच्या पडद्यावर कोश वर-खाली करून बघितला आन् त्यातला एक म्हणतो — मॅडम, इतकं अज्ञात-अज्ञात कशाला? रिकामं दिसतंय. रिकामं दिसतंय. पाहुणे यायच्या आधी शोकेसमध्ये कपबश्या मांडतात ना, तसं त्याला माझ्या कोशात काहीतरी मांडलेलं पाहिजे होतं. मी म्हणले, साहेब, रिकामं हाय म्हणून रिकामं दिसतंय. झालं, तोंड वाकडं करून गेले. पुढं मी चार दिवस मुंबईला मीटिंगला गेले आन् इकडं सिद्धलिंगनं एक प्रोग्राम लिहिला, मशीनवर लावून दिला, आन् जेवढ्या रिकाम्या जागा होत्या तेवढ्या भरून टाकल्या. कशावरून? साम्यावरून. आन् साम्यावरून हा शब्द तेवढा गाळून, कारण समितीचं म्हणणं, त्यानं वाचणाऱ्याचा विश्वास डळमळतो. परत येऊन बघते तर कोश गच्च. मी पुसायला बसले. एकेक पुसत होते. तर वरून हुकूम आला — आपण प्रकल्पाच्या प्रगतीत अडथळा आणत आहात. माझी रवानगी वाचनालयात, सिद्धलिंग माझ्या खुर्चीत. पेढे घेऊन आला होता हो. माझ्याकडं, वाचनालयात, पेढे. म्हणला, मॅडम, जग असंच चालतं. मी म्हणले, जग कसंबी चालू दे बाबा, तू उलटं वाचायचं सोडलंस.

आता ह्या तुमच्या दुष्काळ-सहनशीलची जन्मकथा ऐका. मोहरीच्या नात्यातलं एक रानटी झुडूप हाय, परदेशातले लोक सगळे प्रयोग त्याच्यावर करतात. कुणीतरी बघितलं की त्याचं पान सुकायला लागलं की एक प्रथिन वाढतं. एवढंच बघितलं. सुकताना सापडलं. दुसऱ्यानं ते दुसऱ्या पिकापुढं उतरवलं — सुकण्याशी संबंधित. तिसऱ्यानं आणखी कुठं लिहिलं — सुकण्याला प्रतिसाद देणारं. आन् सिद्धलिंगच्या प्रोग्रामनं आणून आपल्या तुरीपुढं ठेवलं — दुष्काळ-सहनशील. बघितलं का, कसं सरकत सरकत आलं? मयतीला खांदेकरी असतातच, म्हणून काय खांदेकरी माणसाला जगवतात? ते प्रथिन झाडाला वाचवायला धावून येतं का झाड चाललं म्हणून आवरासावर करायला येतं, हे कुणाला म्हणजे कुणाला माहीत न्हाई. तुरीवर एक प्रयोग झालेला न्हाई. आन् मजा पुढंच हाय — कोश एकमेकांचं उचलतात. नांदेडचं ते इंग्लंडच्या मोठ्या कोशानं उचललं, चांगल्या मनानं, की ह्यांनी बघूनच लिहिलं असंल. आन् आता तुम्ही पिशवीवर छापून राहिलात — बघा, इंग्लंडचं पण तेच म्हणणं. आपणच थुंकायचं, आन् तेच तिकडून तीर्थ म्हणून आणून लोकांच्या हातावर घालायचं. किळस वाटती मला, शेषेराव. राग न्हाई. राग माणसाचा येतो. हे म्हणजे केसाळ काहीतरी अन्नात निघावं तसं.

काय म्हणता — लोकांना उमेद लागती? हां. पिशवीच्या मागं ते पण हाय, 'होणाऱ्या उदगीर जिल्ह्याचं पहिलं बियाणं.' जिल्हा अजून झाला न्हाई, त्याचं बियाणं झालं. नवा जिल्हा म्हणलं की मला आपला लातूरचा आठवतो. तुम्हाला पण आठवत असंल, तुम्ही सतरंज्या घालायला होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, जिकडं तिकडं कमानी, आन् नव्या जिल्ह्याच्या गुणवंतांचा सत्कार. मला पण बोलावलं. माझी आई पहिल्यांदाच मांडवात खुर्चीवर बसली त्या दिवशी. दुष्काळात खडी फोडून हाताची साल गेलेली बाई, ती नवं लुगडं नेसून, हात पदरात झाकून बसली होती. आन् माईकवर कोण? हणमंतराव, तुमचे वडील. म्हणाले — ही आपल्या गावातल्या त्या वस्तीतली मुलगी, मार्क कमी पडले तरी सरकारी सवलतीमुळं इथवर आली, आपण सरकारचे आभार मानू. टाळ्या. मी विद्यापीठात पहिली आलते, शेषेराव. मार्कांचा कागद तुमच्या लोकांनीच मागून घेतलेला, तो त्यांच्याच पुढ्यात टेबलावर पडला होता. वाचला न्हाई. वाचायचा कशाला? त्या वस्तीतली म्हणल्यावर तसलीच असणार. पुढं इंग्लंडात कामाच्या पहिल्या दिवशी मला तो शब्द शिकवला, साम्यावरून, तेव्हा मी मनात म्हणले, ह्याला तर मी लहानपणापासून ओळखते. फक्त आमच्या गावात तो शब्द लिहायची पद्धत नव्हती. — न्हाई, हात जोडू नका. गेलेल्या माणसाशी माझं भांडण न्हाई. माझं भांडण जे बसलेत त्यांच्याशी हाय.

लिंबाजीचं तुम्हाला माहीतच असंल. न्हाई? एका गावात राहता, रस्त्यापलीकडची वस्ती हाय. माझा भाऊ सारी नोकरी एसटीत कंडक्टर होता, शेतीचं त्याला काय कळतंय, त्या एकरात तो घरापुरतं पेरायचा. गेल्या सालच्या पेरणीला तुमच्या दुकानात ही पिशवी बघितली त्यानं, बहिणीचा फोटो असलेली. मला फोन न्हाई, विचारणं न्हाई — विचारायचं काय, फोटोच होता की. पिशवी डोक्यावर घेऊन वस्तीतून मिरवत नेली म्हणे त्यानं. आमच्या सिंधूचं बियाणं हाय. आन् मग अख्ख्या वस्तीनं तेच पेरलं. कुणी जुनं घरचं बी ठेवलं न्हाई, डाळ भरडून खाल्लं. आभाळाची वाट बघू नका म्हणलंय सिंधूनं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. पावसानं तोंड फिरवलं आन् फुलोऱ्यात येता येता उभी वाळली. आन् बांधापलीकडं तुमच्या वावरात जुनी तूर, शेषेराव — हो, तुम्ही स्वतः जलवीर पेरली नव्हती, ते लिंबाजीनंच सांगितलं मला — जुनी तूर अर्धी का होईना, शेंगा धरून उभी होती. फोन आला मग त्याचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणला, अक्का, पिशवीवर तुझं नाव होतं. ठेवला फोन. त्यानंतर मी करते, तो उचलत न्हाई. मी वस्तीवर गेले न्हाई अजून. कोणत्या तोंडानं जाऊ? मी लिहिलं न्हाई म्हणून सांगू? कुणापुढं — ज्यांनी माझं नाव ऐकायला म्हणून पोराकडून पिशवी वाचून घेतली त्यांच्यापुढं? तुमच्या कंपनीचं काय गेलं? उद्या परत त्याच फोटोवर मांडव, परत शाल, आन् मी नुसती बसले खुर्चीत, एक शब्द बोलले न्हाई, तरी यंदा परत पेरतील ती माणसं. म्हणतील, न्हाई, बाई स्वतः बसली होती. म्हणून बसणार न्हाई. समजलं? आन् मी बोलायची गरजच काय. तुम्ही उघडा तुमचा पडदा. धरा मोबाईल त्या चौकोनावर, साऱ्या तालुक्यापुढं धरा, मोठ्या अक्षरात येऊ द्या इंग्लंडची खात्री, मग बघू —

काही न्हाई. काही न्हाई म्हणले ना. पाणी घ्या.

असं बघू नका माझ्याकडं. काय केलं म्हणजे? जे करायला पाहिजे होतं ते केलं. चोरी केली का मी? तुम्ही तर असं विचारून राहिलात जशी मी तुमच्या वावरात शिरले. हो, बदललं. मी बदलून घेतलं, बरोबर मार्गानं बदलून घेतलं. माझ्यासोबत टेबलाला टेबल लावून बसलेली बाई अजून हाय तिथं. लिंबाजीचा फोन आला त्या दिवसापासून मी तिला एकेक दुवा काढून पाठवून राहिले — हे इथून उचललं, ते तिथून उचललं, इथं शब्द गाळला, इथं बदलला. एकटीनं, ह्या इथं बसून, डोळे फुटेस्तोवर. तिनं नुसतं माझं ऐकून न्हाई घेतलं, तपासलं, दुसऱ्याकडून तपासून घेतलं, त्यांची रीतच हाय तशी. त्यांच्या कोशाची नवी आवृत्ती ठरल्या दिवशी निघती. ती आज निघाली. सकाळपासून मी कितीदा उघडून बघितलं त्याला गणती न्हाई. तुमच्या चौकोनावर आता मोबाईल धरला की तुरीपुढं लिहून येतं — कार्य अज्ञात. बास. मी पहिल्यांदा लिहिलं होतं तेच. आन् तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला तुमचा मांडव बघायची हौस आलती. ती साडी माझीच हाय. शेजारीण कसली, पलीकडं तर कुलूप हाय, ते पाण्यापायी गाव सोडून गेले. मी घेतली ती, उद्यासाठी. मागच्या रांगेत तोंडावर पदर घेऊन बसणार होते आन् बघणार होते, सिद्धलिंग माईकवर काय करतो ते, पडदा उघडल्यावर. —

कुणाला लावून राहिले फोन? खाली ठेवा. शेषेराव, खाली ठेवा म्हणते ना. — सिद्धलिंगला? बरं, लावा. बोला, बोला, मी काय ऐकत न्हाई असं समजून बोला. — हां. — पडदा काढतो म्हणला? चौकोनावर चिकटपट्टी लावतो? साऱ्या पिशव्यांवर? करंल तो, माणसं बसवून रातभर करंल, मीच शिकवलाय. रिकामी जागा त्याच्यानं बघवत न्हाई.

झालं समाधान? मग उठलात कशाला एवढ्या घाईनं. बसा की, तुमचं काम झालं ना. माझी जीभ. लिंबाजीला सांगितलं न्हाई, कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं न्हाई, आन् सांगितलं कुणाला तर हणमंतरावांच्या पोराला. ऐकून घेणारं माणूस किती दिवसांनी आलं घरात, हे तुम्हाला कळायचं न्हाई. — न्हाई, आता गोड बोलू नका. प्रकृतीला जपा काय, येऊ नका काय. मघाशी स्टेजवर खुर्ची देत होता, आता येऊ नका. म्हणजे आता यावंच लागंल मला. पडदा न्हाई तर मी. पत्रिका घेऊन चाललात? न्या. मंगल कार्यालयच हाय ना ते, दारात कुणी विचारत न्हाई नवरीकडची का नवऱ्याकडची. माईक बंद कराल, करा. सगळं तरुणपण पंख्यांच्या खडखडाटात अक्षरं मोठ्यानं वाचण्यात गेलं माझं, माझा आवाज मागच्या भिंतीला लागतो. चार शब्दांचं तर भाषण हाय. हे कुणाला माहीत न्हाई. एवढंच म्हणणार. पण तुमच्या मांडवाच्या आधी मला वस्तीवर जावं लागंल. पहाटेच्या गाडीनं. लिंबाजी दार उघडंल का न्हाई ते मला माहीत न्हाई. न्हाई उघडलं तर बाहेरून सांगंन, त्याच्या दारात उभी राहून सांगंन, बाकीची घरं ऐकतील. ते ऐकतील का — ते पण माहीत न्हाई. बघा, किती वेळा म्हणले आज.

तुमची शाल विसरून राहिलात. हां. आन् तो ग्लास — न्हाई, न्हाई, आता उचलू नका. मघाशी घेतला असता तर पाणी होतं ते. राहू द्या तिथंच. कढीपत्त्याला घालते मी, त्याला कुणाच्याबी हातचं चालतं.

जाताना फाटक ओढून घ्या.